बाईंच्या गाडीची आरती

राधाकिशन त्या दिवशी आष्टीच्या बाजारात एका म्हशीचे दात बघत होता. मालक तिचा ओठ वर धरून उभा होता आणि राधाकिशन वाकून आत बघत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फोन छबुबाईंचा होता. त्याची बायको विजयमाला ज्या शाळेत शिकवायची, तिथं पोरांची खिचडी छबुबाई शिजवत.

"आण्णा, बाई पडल्यात. फळ्यापाशीच पडल्या. अंबाजोगाईला घेऊन निघालोत."

"कशानं पडल्या?"

"ते न्हाई कळत. तुमी निघा, लवकर निघा."

म्हैस तिथंच राहिली. राधाकिशन मिळेल त्या जीपमध्ये बसला. पाटोदा मागं पडलं. मांजरसुंब्याला जीप बदलताना छबुबाईंचा दुसरा फोन आला. त्या म्हणाल्या, "सावकाश या आता, आण्णा. गडबड करू नका."

त्या 'सावकाश'मधून त्याला कळलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्याचा तो तिसरा दिवस होता. विजयमाला चोपन्न वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, हृदयानं दगा दिला.

तिची गाडी शाळेच्या पटांगणात लिंबाच्या झाडाखाली तशीच उभी राहिली.

गाडी चंदेरी रंगाची, चौदा वर्षांची. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरनं वापरून काढलेली, विजयमालानं आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून घेतली. ऑटोमॅटिक होती, म्हणजे गिअर आपोआप पडतात, क्लच नाही, खाली दोनच पेडल. विजयमालाला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला, क्लच दाबायचं बळ त्यात नव्हतं. राधाकिशन बारा वर्षांचा असल्यापासून ट्रॅक्टर हाकत आलेला. त्याला क्लच नसलेली गाडी ही गाडीच वाटेना.

"ह्याला काय गाडी म्हणायचं? पाळणा हाय ह्यो," तो म्हणाला होता.

"पाळणा तर पाळणा," ती म्हणाली. "माझ्या डाव्या पायाला देवानं जन्माची सुट्टी दिलीय. दोन पायांची गाडी तुम्हाला लखलाभ."

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली. गाव धारूरच्या घाटाखाली आणि शाळा घाटावर, धारूरच्या पुढं. आठ वर्षं ती रोज सकाळी घाट चढली आणि रोज संध्याकाळी उतरली. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असला तर ती मागं शांत बसायची. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी वळणावर पुढं काढायची नाही. घाटातल्या ऊसवाल्यांना ती गाडी पाठ झाली होती. "बाई हायत मागं, बाजूला घे बे," असं एक ड्रायव्हर दुसऱ्याला सांगायचा. आठ वर्षांत गाडीला एक ओरखडा नव्हता. राधाकिशनच्या ट्रॅक्टरचं पुढचं मडगार्ड ह्याच काळात तीनदा बदललं होतं.

एक गोष्ट मात्र त्यानं आठ वर्षं चेष्टेवारी नेली. महिन्याच्या एक तारखेला शाळेतून आली की ती गाडी थेट घरी आणत नसे. मारुतीच्या देवळापुढं शहाबादी फरशीचं सपाट अंगण आहे, तिथं थांबायची. इंजिन चालूच ठेवायची. पाय ब्रेकवर. मग गिअरचा दांडा वरून खाली एकेका घरात ओढायची, प्रत्येक घरात थांबून तीन आकडे मोजायची, आणि तसाच परत वर न्यायची. मग उतरून, लंगडत पुढं जाऊन बॉनेट उघडायची, आतून एक लांब पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. तेवढ्यात देवळात सांजेची घंटा व्हायची.

राधाकिशन पारावर असला की म्हणायचा, "चला, बाईंच्या गाडीची आरती सुरू झाली."

ते नाव गावात इतकं बसलं की लहान पोरंसुद्धा म्हणायची, आज एक तारीख, आज बाईंची आरती. विजयमाला रागावली नाही कधी. "तुमच्या ट्रॅक्टरला देव लागत नाही. माझ्या गाडीला लागतो," एवढंच हसून म्हणायची. ती हसली म्हणून राधाकिशननंही कधी विचारलं नाही, की हे तू करतेस काय आणि कशासाठी.

चौदाव्या दिवशी तो गाडी आणायला शाळेत गेला. बरोबर विजयमालाचा भाऊ अमरसिंह होता. अमरसिंहचा जीपवर हात बसलेला. त्यानं गाडी चालू केली, दांडा खाली ओढला, गाडी हलली, आणि फाटकापाशी सवयीनं त्याचा डावा पाय क्लच शोधायला गेला. तिथं क्लच नव्हता, ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली आणि अमरसिंहचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. असं तीनदा झालं.

"दाजी," अमरसिंह कपाळ चोळत खाली उतरला, "माझा डावा पाय कुठंतरी काढून ठिवा, मग चालवतो."

तेव्हा राधाकिशन बसला. त्यानं डावा पाय उचलून सरळ सीटवर मांडी घातल्यासारखा दुमडला आणि अर्ध्या मांडीवर अख्खा घाट उतरून गाडी घरी आणली. अजूनही तो तशीच चालवतो.

ह्या गाडीत आणखी एका माणसाचा जीव गुंतला होता. गावाच्या कडेला नाथाचं घर आहे, मेंढरं राखणारा माणूस. त्याची मुलगी ऋतुजा दहा वर्षांची असताना मेंढरांमागं डोंगराच्या कपारीवरून पडली. हाड नीट बसलं नाही, डावा गुडघा वाकायचा राहिला. ती आता धारूरच्या कॉलेजात बारावीला आहे. अकरावीपासून विजयमाला तिला रोज सकाळी बरोबर घेऊन जायची आणि संध्याकाळी आणायची. एकदा ओट्यावर बसून ती राधाकिशनसमोरच ऋतुजाला म्हणाली होती, "अठरा पूर्ण झाली की मी तुला ही गाडी शिकवते. आपल्या दोघींच्या पायाची ह्या गावात ही एकच गाडी आहे."

ऋतुजा नऊ एप्रिलला अठरा वर्षांची होणार होती.

बाई गेल्यावर ती मुकाट्यानं बसनं जाऊ लागली. डिसेंबरात एका सकाळी राधाकिशननं गाडी स्टँडवर तिच्यापुढं उभी केली.

"बस."

"आबा, तुमाला कावून तरास?"

"मला धारूरला काम हाय."

काम काही नव्हतं. ऋतुजानं आत बसताना त्याची दुमडलेली मांडी बघितली आणि ओढणी तोंडावर धरली. "बाई म्हणायच्या, डाव्या पायाला सुट्टी असती. तुमी तर त्याला कोंडूनच ठिवलंय."

बाई गेल्यापासून राधाकिशन तेव्हा पहिल्यांदा हसला.

गाडी चालती राहिली तर विजयमालाचा शब्द खरा होणार होता. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात तेवढंच धरलं होतं.

जानेवारीत गाडी बिघडली. आधी एवढंच, की सकाळी दांडा टाकला की गाडी थोडा वेळ विचार करायची आणि मग हिसका देऊन निघायची. मग एक दिवस घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडी पुढं जाईना. जू निसटलं की बैल पुढं जातात आणि गाडी मागं राहते, तसं. वळण संपल्यावर धाडकन हिसका बसला आणि गाडी परत ओढू लागली. मागं ऋतुजा दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आबा, मी बसनं जाती. गाडीला उगं ताण नको."

धारूरच्या स्टँडजवळ पप्पूचं गॅरेज आहे. जीप आणि ट्रॅक्टरला पप्पूचा हात चांगला. त्यानं गाडी एक चक्कर मारून आणली.

"क्लच प्लेट गेली, आण्णा."

"क्लचच न्हाई हिला."

"पायाला न्हाई. आत असत्यात, लई असत्यात. जळाल्या समद्या. गिअरबॉक्स गेला म्हणून समजा. ह्याला हितं कुणी हात लावत न्हाई. भंगारात घाला." मग त्याला बहुतेक राधाकिशनच्या तोंडाकडं बघून दया आली. "न्हाईतर ट्रॅक्टरचं गिअर तेल वतून बघा. चालली तर चालली."

राधाकिशननं ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आणला. सकाळी उठून बॉनेट उघडलं, विजयमाला काढायची ती तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, बुडवली, परत काढली. तेल वरच्या खुणेला लागलेलं. गिअरबॉक्स भरलेला असताना त्यात आणखी काय ओतायचं, म्हणून त्यानं ओतलं नाही. गाडी घरी आणल्यापासून दर सोमवारी सकाळी, ती गार असताना, तो असंच बघत होता. विजयमाला महिन्यातून एकदा बघायची, आपण आठवड्याला बघतो, ह्याचं त्याला मनातून बरंही वाटत होतं. तेल दर वेळी भरलेलं. म्हणजे पप्पू म्हणतो तेच खरं. आठ वर्षं जी गाडी तिच्या हातात फुलासारखी चालली, ती आपण दोन महिन्यांत जाळली.

पुण्याहून मुलीचा फोन आला. स्वप्नाली रोज करायची.

"बाबा, विका ती गाडी. घाटात काही झालं तर मी इथून काय करू, सांगा."

"आठ दिवस दे मला," राधाकिशन म्हणाला.

विकायची तर कागद काढून ठेवायला हवे होते. तो गाडीच्या पुढच्या खणातलं सामान काढू लागला. विमा, पावत्या, खडूचे तुकडे, लिमलेटच्या गोळ्या. सगळ्याच्या खाली पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांचं एक गाठोडं होतं, सुतळीनं बांधलेलं, तेलाचे डाग पडलेलं. ही तिची आरतीची फडकी. त्याला ते सोडवून बघवेना आणि टाकवेनाही. सुतळीत एक कागद खोचलेला होता. विजयमालाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'सिदू. गिअरचं काम. घाटनांदूर.' आणि खाली नंबर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वर्षातून एकदा गाडी घेऊन कुठंतरी जायची, 'गाडीला दाखवून आणते' म्हणायची. त्यानं त्याचीही चेष्टाच केली होती. त्यानं नंबर लावला.

"कोण?"

"धारूर घाटाखालून बोलतोय. चंदेरी गाडी, विजयमालाबाईंची."

"आरं, बाईंची गाडी. बोला की. बाई बऱ्या हायत?"

"त्या गेल्या. नोव्हेंबरात."

पलीकडं हातोड्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग सिदूनं विचारलं, "गाडीला काय झालंय?"

राधाकिशननं सगळं सांगितलं, पप्पूचं म्हणणंही सांगितलं. सिदूनं एकच प्रश्न विचारला. "सरळ चढावर सुटती का वळणावर सुटती?"

ह्याचा विचार राधाकिशननं केला नव्हता. त्यानं डोळे मिटून घाट चढून बघितला. "वळणावर. सरळ आली की धरती."

"बरं. आता चालवू नका. किल्ली खुंटीला लावा. माझ्या भावाची मेंढरं धारूरच्या डोंगराला बसल्यात, ऐतवारी मी तिकडंच येतोय."

रविवारी दहा वाजता सिदू मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा, वाळका माणूस. मागं दोन डबे आणि रबरी नळीचं वेटोळं बांधलेलं. पुण्यात बारा वर्षं त्यानं फक्त असल्याच गिअरबॉक्सचं काम केलं होतं, मग आईबापासाठी घाटनांदूरला परत आला. सिदू येणार म्हटल्यावर ऋतुजाही येऊन ओट्यावर बसली होती.

सिदूनं बॉनेट उघडलं नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग उकिडवा बसून गाडीखालची जमीन बघितली, बोटानं माती उकरून वास घेतला.

"टिपूस न्हाई खाली," राधाकिशन म्हणाला.

"दिसतंय. तेल कवा बघता?"

"दर सोमवारी. फुल्ल असतं."

"कसं बघता?"

"कसं म्हणजे? सकाळी, गार असताना, इंजन बंद. तेल तसंच बघत्यात."

"ट्रॅक्टरचं," सिदू म्हणाला. "आन बाई कशा बघायच्या?"

'मला काय माहीत' असं राधाकिशनच्या ओठावर आलं होतं. मग त्याला माहीत होतं हे त्याच्या लक्षात आलं. आठ वर्षं पारावर बसून त्यानं दुसरं काही बघितलंच नव्हतं. त्यानं सांगितलं. घाटातून तापलेली गाडी, फरशीचं सपाट अंगण, चालू इंजिन, ब्रेकवर पाय, दांडा एकेका घरात, तीन आकडे. सांगताना त्याचा हात आपोआप हवेत दांडा ओढत होता.

सिदू तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. "आन ह्याला तुमी काय म्हणायचा?"

"आरती," राधाकिशन खाली बघत म्हणाला.

"बरूबर हाय," सिदू म्हणाला. "चला, आरती करू."

त्यांनी गाडी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं हळू फिरवून गरम केली आणि देवळापुढं आणली. राधाकिशन अर्ध्या मांडीवर बसून दांडा ओढू लागला. खिडकीशी उभी राहून ऋतुजा म्हणाली, "आबा, तीन आकडे. तुमी दोनच मोजले." त्यानं पहिल्यापासून केलं.

मग इंजिन चालू असतानाच सिदूनं पट्टी ओढली, पुसली, बुडवली, काढली. खालच्या खुणेच्याही खाली, नुसतं टोक ओलं होतं, तेही फेसाळलेलं.

राधाकिशन बघत राहिला. "सोमवारी फुल्ल होतं."

"विहिरीवरची मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी कुठं जातं?"

"परत विहिरीत."

"तसंच हाय हे. इंजन चालू असलं की तेल वर आत फिरत असतं. बंद केलं की समदं खाली उतरतं आन भरल्यागत दिसतं. तुमी खोटं न्हाई बघितलं, आण्णा. खोट्या येळंला बघितलं." सिदूनं पट्टी उन्हाकडं धरली. "वळणावर उरलेलं तेल एका अंगाला जातं, पंप नुसती हवा वढतो, गिअर सुटतो. प्लेटा जळाल्या असत्या तर सरळ चढावर बी सुटली असती. पण ह्यो माझा अंदाज झाला. इतके दिस कमी तेलावर चालल्यावर त्या जित्या राहिल्यात का, ते बघाया पायजे. पांढरं फडकं हाय का?"

राधाकिशननं खणातून गाठोडं काढलं. सिदूनं सुतळी सोडली. वरचा तुकडा उलगडला, मग खालचा, मग त्याच्या खालचा. मग तो देवळाच्या कट्ट्यावर जाऊन एकेक तुकडा ओळीनं मांडू लागला. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ऋतुजा त्यांच्यावर खडे ठेवू लागली. प्रत्येक तुकड्यावर मधोमध तेलाचा एक गोल डाग, आणि कडेला बॉलपेननं तारीख. तारखेखाली एकेक शब्द. 'बरोबर.' 'बरोबर.' 'बरोबर.' कट्टा संपला तेव्हा त्यांनी खाली फरशीवर मांडले. नव्वदच्या वर होते. आठ वर्षांतला एकही महिना चुकला नव्हता.

"पहिल्यांदा आल्या तवा मी सांगितलतं," सिदू हळू म्हणाला. "दर महिन्याला तेल बघा, पांढऱ्या फडक्यावर घ्या, कुंकवासारखं लाल असलं तर बरं, काथासारखं झालं तर माझ्याकडं या. पुण्यातल्या साहेब लोकांना मी हे शंभरदा सांगितलं आसंल. समदे हो म्हणायचे. कुणी केलं न्हाई. मला वाटायचं, ह्या बाईची गाडी नशिबानं चांगली निघाली."

डाग ओळीनं बघत गेलं की कळत होतं. लाल, लाल, मग हळूहळू काळपट, आणि एका मे महिन्यानंतर पुन्हा लाल. "हितं मी तेल बदललतं," सिदूनं बोट ठेवलं.

"हे कापड..." राधाकिशन वाकून बघत म्हणाला, "ह्यो माझा लेंगा हाय."

"मग कामाला आला की लेंगा," सिदू म्हणाला. ऋतुजानं तोंड फिरवून हसू लपवलं.

शेवटचे तीन तुकडे मात्र वेगळे होते. सप्टेंबरच्या तुकड्यावर लिहिलं होतं, 'थोडं कमी. पाव लिटर घातलं.' ऑक्टोबरच्या, 'परत कमी. पाव घातलं.' राधाकिशनला डिकीतली अर्धी बाटली आठवली. ती त्याला सरबताची वाटली होती. शेवटचा तुकडा एक नोव्हेंबरचा. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तरी ती संध्याकाळी एकटी घाट चढून-उतरून आली होती आणि राधाकिशननं विचारलं होतं, आज कुठं गेलतीस. 'आरतीला,' ती म्हणाली होती. त्या तुकड्यावर चार ओळी होत्या. 'परत कमी. गाडी उभी असते तिथं खाली डाग नाही. मग जातं कुठं? सिदूला विचारणे.'

सिदूनं तो तुकडा दोनदा वाचला. मग चालू गाडीच्या पुढच्या अंगाला उताणा झोपला आणि आत घुसला. आतून हात बाहेर आला. "कोरा कागद द्या."

ऋतुजानं वहीचं पान फाडून दिलं. थोड्या वेळानं सिदू बाहेर आला. कागदावर लाल बारीक शिंतोडे होते, कुणी कुंकू फुंकावं तसे.

"गिअरचं तेल गार व्हायला एका नळीनं पुढं रेडिएटरकडं जातं. त्या नळीचं रबर वाळलंय. गाडी चालू आन गरम असली की तिथनं उडतं, रस्त्यावर पडतं. उभी राहिली की बंद. म्हणून खाली डाग न्हाई. मला फोनवर कळलं नसतं, आण्णा. हे त्यांनी निम्मं शोधून ठिवलंय."

राधाकिशन कट्ट्यावर बसला. त्याला एवढंच विचारायचं होतं आणि ते विचारायची भीती वाटत होती. ऋतुजानंच विचारलं. "मग प्लेटा?"

सिदूनं कोऱ्या तुकड्यावर पट्टी पुसली. डाग नोव्हेंबरपेक्षा काळा होता, पण लालच होता. त्यानं तेल दोन बोटांत चोळलं, उन्हात धरून चकाकतं का बघितलं, वास घेतला आणि फडकं राधाकिशनच्या नाकाशी धरलं. "जळाल्याचा वास येतो का?"

राधाकिशननं वास घेतला. परत घेतला. "न्हाई."

"मला बी न्हाई. जित्या हायत. अजून महिनाभर चालवली असती तर गेल्या असत्या. आन त्या पप्पूचं ट्रॅक्टरचं तेल वतलं असतं तर चार दिवसांत गेल्या असत्या. ते कावून वतलं न्हाई?"

"पट्टी फुल्ल दिसत होती म्हणून."

सिदू पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. "एक चूक दुसरीच्या आडवी आली म्हणायची."

त्यानं नळी बदलली, लाल तेल भरलं. दर वेळी थोडं घालून तो राधाकिशनला दांडा फिरवायला लावायचा, तीन-तीन आकडे मोजायला लावायचा आणि पट्टी स्वतः न बघता त्याला बघायला सांगायचा. चौथ्या वेळी राधाकिशन म्हणाला, "दोन खुणांच्या मधी हाय." सिदूनं मान हलवली आणि डबा बंद केला.

दुपारी ते तिघं घाट चढले. सिदू पुढं, ऋतुजा मागं, राधाकिशनचा डावा पाय मांडीवर. तिसरं वळण आलं. वळणावर इंजिनचा आवाज थोडा खाली गेला, गिअर पडला आणि गाडी सरळ वर चढत राहिली. पुढं उसाची ट्रॉली होती. राधाकिशन मागं थांबला. मागच्या जीपनं हॉर्न वाजवला, तरी थांबला.

"बाईंसारखं," ऋतुजा मागून म्हणाली.

वर धारूरला सिदूनं मोटारसायकलसाठी परत खाली यायच्या आधी चहा घेतला. कपात बघत तो म्हणाला, "माझा बाप म्हणायचा, मेंढी बोलत न्हाई, तिला रोज बघावं लागतं. मी धंद्यात तेच लोकांना सांगत आलो. त्या बाई मला एकदाच म्हणाल्या, सिदू, मला गाडीतलं काही कळत नाही, तू सांगशील तेवढं मी न चुकता करीन. ह्याच्यापेक्षा गाडीतलं जास्त काय कळायचं असतं, मला ठाव न्हाई."

संध्याकाळी राधाकिशननं ऋतुजाकडून फडक्यांचा फोटो काढून घेतला आणि स्वप्नालीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. ती म्हणाली, "आईचं अक्षर आहे." गाडी विकायचं तिनं परत काढलं नाही.

एक मार्चला राधाकिशन ऋतुजाला घेऊन घाटातून उतरला आणि देवळापुढं थांबला. पारावरून कुणीतरी म्हणालं, "आरती सुरू झाली." त्यानं तिकडं बघून हात वर केला. दांडा प्रत्येक घरात तीन आकडे. पट्टी काढली, पुसली, परत काढली. दुसऱ्या जुन्या लेंग्याचा तुकडा त्यानं घरून कापून आणला होता. त्यावर डाग घेतला, तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'बरोबर.' त्याचं अक्षर वाकडं आहे. गाठोड्यात ते लगेच ओळखू येतं.

ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा ट्रॅक्टरला लागला. सिदूच्या सांगण्यावरून राधाकिशन डावा पाय खाली ठेवून चालवायची सवय करतोय, अजून जमत नाही. ऋतुजाची बारावीची परीक्षा चालू आहे. नऊ एप्रिलला तिला अठरा पूर्ण होतील, मग शिकाऊ लायसनचा अर्ज भरायचा आहे. तिला गाडी शिकवायची अजून राहिली आहे.